किचनच्या नळाला चक्क निळं पाणी आलं, हे कसं काय होऊ शकतं?

मंजिरी_धायरी
नमस्कार मंडळी, धागा जरा विचित्र आहे पण डोकं भंजाळलंय म्हणून इथेच विचारते. आमची सोसायटी पार्किंग अधिक सात मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आज रविवार म्हणून गच्चीवरच्या टाक्या धुवायला काढल्या होत्या, तसा ग्रुपवर मेसेज होता की दहा ते एक पाणी बंद, पण मी वाचला नव्हता (कोण वाचतं, दिवसाला दोनशे गुड मॉर्निंग असतात). साडेदहाला भाताला पाणी घ्यायला नळ सोडला, धार बारीकच होती पण येत होती, एक पातेलं भरलं, दुसरं लावलं आणि बघते तर पाणी निळसर! आधी वाटलं पातेल्याचाच रंग, मग स्टीलच्या पेल्यात घेतलं तर फिकट निळं आणि वर बारीक फेस. वास घेतला तर साबणाचा. मग नळ घुर्र घुर्र करून बंदच पडला.

वॉचमनला बोलावलं, तो म्हणाला टाकी धुवायची पावडर असेल. पण टाकीचा व्हॉल्व्ह तर बंद होता, तोच म्हणाला मी सकाळी स्वतः बंद केला. मग हे पाणी आलं कुठून? मुलगी आधीच्या पातेल्यातलं पाणी प्यायली आहे, म्हणून जास्त टेन्शन आलंय. तिला तसं काही होत नाहीये अजून.

भुईनळा
निळं पाणी 😄 होळीचा ड्रम उरला होता का वर कुणाचा?

रानडे_काकू_नव्हे
मंजिरी, टाकी धुणारे लोक लिक्विड वापरतात ते निळं असतं कधीकधी. पण फेस आणि साबणाचा वास म्हणजे कपड्यांचा साबण वाटतोय. मुलीला ओआरएस घरात ठेव, उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टर, नाहीतर घाबरू नकोस, साबण पोटात गेला तर बहुतेक मळमळण्यावरच भागतं.

पाना_पक्कड
ताई, मी प्लंबिंग कन्सल्टंटकडे बारा वर्षं साईट सुपरवायझर होतो, आता स्वतःची कामं घेतो. एक विचारतो, तुमच्या वर कुणी टबात निळीत कपडे भिजवले होते का आज? आणि तुमची ड्राय बाल्कनी आणि किचन एकाच डाऊनटेकवर (गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा उभा पाईप) आहेत का? जाऊन वरच्यांना विचारून या, मग सांगतो. भांडू नका फक्त, त्यांची चूक असेल असंही नाही.

आरओ_जिंदाबाद
आमच्याकडे आरओ आहे, असल्या भानगडी नकोतच. प्रत्येकाने आरओ बसवावा, विषय संपला.

मंजिरी_धायरी
@पाना_पक्कड दादा तुम्ही ज्योतिषी आहात का???

आत्ताच चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन आले. त्यांनी काकांचे पांढरे सदरे-लेंगे टबात घातले होते, नीळ टाकली होती, आणि टब भरायला ड्राय बाल्कनीच्या नळाला ती हिरवी पाईप लावून टोक टबात सोडलं होतं. मध्येच पाणी गेलं म्हणून नळ तसाच उघडा ठेवून त्या देवपूजेला बसल्या. येऊन बघतात तर टब जवळपास रिकामा, तळाला नुसते कपडे! त्या म्हणाल्या, "अगं माझा टब फुटला वाटतं, पण बाल्कनीत पाणी कुठंच नाही." दुपारी काकांना पिटाळून नवीन टब पण आणला त्यांनी. मी पेल्यातलं निळं पाणी दाखवलं तर दोघीही दोन मिनिटं नुसत्या बघत राहिलो.

म्हणजे त्यांच्या टबातलं पाणी आमच्या किचनमध्ये आलं?? पाणी पाईपमधून उलटं, वर चढून?

पाना_पक्कड
हो, अगदी तसंच. याला बॅकफ्लो म्हणतात, आणि तुमचा प्रकार म्हणजे त्यातला बॅक-सायफनेज, साध्या भाषेत उलटी ओढ. पेट्रोल पाईपने तोंडाने ओढतात ना तेच.

वरून व्हॉल्व्ह बंद. डाऊनटेकमध्ये जे पाणी उरलं ते उभा खांब आहे, त्याला वरून हवा मिळत नाही म्हणून ते लटकून राहतं, जसं स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबल्यावर आतलं सरबत पडत नाही. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर नळ सोडला, खांब खाली सरकायला बघतोय, वर जागा मोकळी व्हायला हवी पण हवा नाही, मग जिथून काही मिळेल तिथून तो ओढणार. चौथ्या मजल्यावर नळ उघडा, पाईपचं टोक पाण्यात बुडलेलं. मिळालं की. टबातून नळापर्यंत फक्त तीनेक फूट चढ, आणि खाली ओढणारा खांब दोन मजल्यांचा म्हणजे अठरा-वीस फुटांचा. तीन फूट चढवणं त्याला काहीच नाही, तत्त्वतः पाणी असं साधारण १० मीटरपर्यंत ओढलं जातं.

तुमचं पहिलं पातेलं स्वच्छ आलं त्याचंही उत्तर यातच आहे. सव्वा इंची डाऊनटेक असेल तर चौथ्या ते दुसऱ्या मजल्यामधल्या पाईपमध्ये चार-पाच लिटर चांगलं पाणी होतं, ते आधी आलं. मग निळीचं. टबातलं संपलं, पाईपने हवा खाल्ली, घुर्र. मुलगी प्यायली ते पहिल्या पातेल्यातलं, म्हणजे बहुतेक काही झालेलं नाही, तरी लक्ष ठेवा.

आणि पाचव्या-सहाव्या-सातव्यावर कुणी त्या वेळी नुसता एखादा नळ उघडला असता तरी तिथून हवा शिरली असती आणि हे झालं नसतं. रविवार सकाळ, लोक झोपलेले किंवा गावाला. किंवा सगळ्यांनी मेसेज वाचलेला असणार 😀

भुईनळा
काकांचे लेंगे!!! मंजिरीताई भात कसा झाला मग

मंजिरी_धायरी
@भुईनळा भात पहिल्या पातेल्यातलाच होता म्हणून वाचलो. पण नीळ होती म्हणून दिसलं तरी, नुसतं साबणाचं कोमट पाणी असतं तर मी प्यायले असते ना.

सोलापुरी_चादर
हेच लिहायला आलो. आमच्याकडे सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, तेही प्रेशर नसतंच. म्हणून जुन्या भागात लोकांनी नळ जमिनीच्या खाली नेलेत, दारात दोन-तीन फूट खड्डा, त्यात नळ, खाली गेलं की धार जरा बरी येते. खड्ड्यात उतरून हंडा लावायचा. त्याच खड्ड्यात भांड्यांचं खरकटं पाणी, पावसाचं पाणी, लहान पोरांचं काय काय साठतं. पाणी यायचं असेल त्या रात्री लोक नळ उघडाच ठेवून झोपतात, आवाज आला की उठायचं. आता लाईन रिकामी झाली की खड्ड्यातलं पाणी कुठं जात असेल? आम्हाला वाटायचं जमिनीत मुरलं. माझी आजी पाणी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं सोडून द्यायची, ते झाडांना आणि संडासला. शेजारचे म्हणायचे म्हातारी पाणी वाया घालवते.

आणि त्यात मोटर. पाणी सुटलं की गल्लीत सगळ्यांच्या मोटरा एकदम सुरू, थेट नळाच्या लाईनलाच. मोटर ओढते म्हणजे लाईनमध्ये उलटी ओढच की, गटाराच्या शेजारून गेलेली लाईन कुठं फुटली असेल तर तिथून काय येईल विचार करा.

पाना_पक्कड
@सोलापुरी_चादर आजीला माझा नमस्कार सांगा. लाईनला थेट मोटर लावायला म्हणूनच बंदी असते, लोकांना वाटतं शेजाऱ्याचं पाणी चोरलं जातं एवढंच कारण आहे. ते आहेच, पण मोटरमुळे पाईपमधलं प्रेशर बाहेरच्या मातीतल्या पाण्यापेक्षा खाली गेलं की प्रत्येक ढिला जॉइंट हे आत ओढणारं तोंड होतं. चोवीस तास प्रेशरने भरलेली लाईन गळली तर पाणी बाहेर जातं, दिवसातून दोन तास चालणारी लाईन उरलेले बावीस तास आत घेते. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या तक्रारी वाढतात त्यात याचाही वाटा असतो.

आरओ_जिंदाबाद
परत सांगतो, आरओ असेल तर हे सगळं गाळलं जातं. उगाच लोकांना घाबरवू नका.

रानडे_काकू_नव्हे
आरओचं पाणी तुम्ही पिता. दात कशाने घासता? भाजी कशाने धुता? बाळाच्या बाटल्या? गार्गल?

टेक्सासचा_गजानन
ऑस्टिनजवळ राहतो. इथे या विषयाचा एवढा बाऊ का करतात ते घर घेतल्यावर कळलं. लॉनला पाणी द्यायच्या स्प्रिंकलरच्या लाईनवर बॅकफ्लोचा पितळी डबा बसवलेला असतो, आमच्या गावात लायसन्सवाला माणूस तो तपासून रिपोर्ट सिटीला पाठवतो. सुरुवातीला मी पण म्हणायचो पैसे काढायचे धंदे. कारण काय तर लॉनवर कुत्र्याची घाण, खत, कीटकनाशक, आणि स्प्रिंकलरची तोंडं मातीत. रस्त्यावर आग विझवायचा हायड्रंट उघडला किंवा मेन लाईन फुटली की त्या तोंडातून आत. बागेच्या नळालाही एक छोटं पितळी व्हॅक्यूम ब्रेकर लावतात, हाताने फिरवून बसतं. ओढ लागली की ते हवा आत सोडतं.

आरओवाल्या साहेबांसाठी : डिसेंबर २०१६ मध्ये आमच्याच टेक्सासमध्ये कॉर्पस क्रिस्टी शहरात एका डांबराच्या प्लांटमधलं रसायन बॅकफ्लोने शहराच्या लाईनमध्ये गेल्याची शंका आली. तीन लाख वस्तीचं शहर, जवळपास चार दिवस नळाच्या पाण्याला हात लावू नका असा हुकूम, उकळूनही चालणार नाही, कारण रसायन उकळून जात नाही. दुकानातल्या बाटल्या तासाभरात संपल्या. तुमचा आरओ कशासाठी बनवलाय आणि समोर काय येईल याचा भरवसा काय.

चिकित्सक_चिंतू
मग सोपं आहे, प्रत्येक फ्लॅटच्या इनलेटला एनआरव्ही (उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बसवा. हजार रुपयांत काम. मंजिरीताईंनी कमिटीला हाच ठराव द्यावा.

पाना_पक्कड
@चिकित्सक_चिंतू साहेब, इथेच सगळे फसतात, आणि दुकानदारही हेच विकतो. एनआरव्ही म्हणजे आत एक पाकळी किंवा स्प्रिंगवरची चकती, पाणी सरळ आलं की उघडते, उलटं आलं की बंद. बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांत क्षार बसून ती अर्धवट उघडी राहते, वाळूचा एक कण मध्ये आला तरी गळते. बाहेरून कळत नाही, आणि कुणी काढून बघत नाही. मी दहा वर्षं जुन्या बिल्डिंगमधून काढलेले एनआरव्ही हलवले तर खुळखुळ्यासारखे वाजतात. पंपाला, गिझरला ते हवेतच, पण पिण्याच्या पाण्याची राखण त्यांच्यावर टाकून झोपू नका.

शिवाय गिझर आणि सोलरवाल्यांना हा अनुभव रोज असतो, लक्षात येत नाही एवढंच. सोलर असलेल्या घरात मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून शॉवर बंद केला की गरम पाणी थंड लाईनमध्ये शिरतं, मग शेजारच्या बाथरूममध्ये थंड नळाला गरम पाणी. लोक सोलरवाल्याला शिव्या घालतात. तेही उलटंच वाहणं, फक्त पाणी स्वच्छ असतं.

खरी राखण करते ती हवा. नळाचं तोंड आणि भांड्याची कड यात मोकळी हवा असेल तर जगातली कुठलीही ओढ त्या भांड्यातलं पाणी आत नेऊ शकत नाही. ठोकताळा असा की नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर, आणि कमीत कमी एक इंच. अर्ध्या इंची नळ असेल तर कडेपासून इंचभर वर. आपली जुनी बादली-नळाची पद्धत यात आपोआप बसते, बादली ओसंडली तरी नळ वरच. घोळ केला तो त्या हिरव्या पाईपने, लांब टॉयलेटच्या जेटने, आणि खालच्या टाकीत पाण्याखाली नेलेल्या इनलेटने. जेट हुकवरच अडकवा, कमोडमध्ये लोंबू देऊ नका, आणि जेटचा भिंतीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करायची सवय लावा. हातातलं बटण बंद असतं पण ते ठिबकत असेल तर तेवढी वाट ओढीलाही पुरते.

मंजिरीताई, आता मुख्य मुद्दा. तुमच्या बिल्डिंगमध्ये हे व्हायलाच नको होतं. गच्चीवर प्रत्येक डाऊनटेकला, व्हॉल्व्हच्या लगेच खाली, एक उभा एअर पाईप असतो, टाकीच्या वर जाऊन वाकडा झालेला. तो कशासाठी? व्हॉल्व्ह बंद झाला की तिथून हवा शिरावी म्हणून. तो असता तर तुमच्या नळाला पाणी संपून नुसती हवा आली असती. उद्या वर जाऊन फोटो टाका.

मंजिरी_धायरी
गेले होते सकाळी, सेक्रेटरींना घेऊन. सात डाऊनटेक आहेत. दोन पाईप टाकीच्या वर गेलेत, वाकलेले, तोंडाला जाळी. उरलेले पाच गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेले आणि वर पांढऱ्या टोप्या चिकटवलेल्या. आमचा त्या पाचातला.

सेक्रेटरी काका आधी म्हणाले बिल्डरनेच असं दिलं. मग वॉचमन हळूच म्हणाला, तीन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंगवाल्यांनी मध्ये येतात म्हणून कापले होते, परत वर नेलेच नाहीत. टाकीची पातळी कापलेल्या तोंडाच्या वर, त्यामुळे चोवीस तास पाणी सांडायला लागलं, मग कुणीतरी टोपी लावून सोल्यूशनने चिकटवून टाकली. गळती थांबली, सगळे खूष.

पाना_पक्कड
टोपी! शंभरातल्या साठ गच्च्यांवर मला ही टोपी दिसते (आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, सर्व्हेचा नाही). गळतंय म्हणून लावतात, का गळतंय हे कुणी विचारत नाही. टोप्या कापा, पाईप टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर फूटभर न्या, वर दोन एल्बो लावून तोंड खाली करा, डासांची जाळी बांधा. कामाला अर्धा दिवस.

वर गेलाच आहात तर पुढच्या वेळी खालची टाकीही बघा. बॉल कॉकचं (टाकी भरली की तरंगत्या चेंडूने बंद होणारा नळ) तोंड ओव्हरफ्लोच्या पाईपपेक्षा वर पाहिजे. काही ठिकाणी आवाज नको म्हणून इनलेटला तुकडा जोडून पाण्यात बुडवतात. मग कॉर्पोरेशनची लाईन रिकामी झाली की तुमची टाकी तिच्यात परत, आणि तुमच्या गल्लीतले सगळे तुमच्या टाकीचं पाणी पिणार. तसंच टँकरची किंवा बोअरची लाईन मधल्या एका व्हॉल्व्हने कॉर्पोरेशनच्या लाईनला जोडलेली असेल तर ती तोडा. "व्हॉल्व्ह बंद असतो ना" हे उत्तर चालत नाही, व्हॉल्व्ह गळतात आणि माणसं विसरतात. दोन्ही पाणी टाकीच्या वरून वेगवेगळ्या तोंडाने पडू द्या.

एसटीपी_त्रस्त
आमच्याकडे फ्लशला एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचं) पाणी, वेगळी लाईन. एका फ्लॅटचं बाथरूम रिनोव्हेशन झालं, त्यांच्या प्लंबरने जवळची म्हणून एसटीपीची लाईन बेसिनला जोडून दिली. आठ दिवस त्या घरात लोक त्या पाण्याने तोंड धुत होते. वासावरून कळलं. पाईप दोन्ही पांढरे, रंगाचा फरक नाही, तो बिचारा काय ओळखणार.

पाना_पक्कड
@एसटीपी_त्रस्त हे घरातलं क्रॉस कनेक्शन झालं, म्हणजे पिण्याची आणि घाण पाण्याची लाईन एकमेकींना जोडली जाणं, मोठ्या प्रमाणावर हेच फिनलंडमध्ये नोकिया गावात झालंय, हो तेच मोबाईलवालं नाव. नोव्हेंबर २००७. सांडपाणी प्रकल्पात धुण्यासाठी नळाच्या पाण्याची लाईन प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या लाईनला एका व्हॉल्व्हने जोडलेली होती, तो उघडा राहिला. दोन दिवस शेकडो घनमीटर सांडपाणी पिण्याच्या लाईनमध्ये. तीसेक हजारांच्या गावात हजारो आजारी. तो देश बघा आणि एक व्हॉल्व्ह बघा. तुमच्याकडे सगळे एसटीपीचे पाईप निदान शाफ्टमध्ये तरी जांभळ्या रंगाने रंगवून घ्या, रंगाचा डबा कितीचा येतो.

रानडे_काकू_नव्हे
मंजिरी, पाणी तपासून घे हं. ओटीच्या थेंबांची बाटली मिळते, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं. नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम लिटरमागे राहायला हवं असतं. खालच्या टाकीत पिवळं आणि तुझ्या नळाला पांढरंच राहिलं तर मधे काहीतरी ते खातंय. आणि जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आण, घरातली बिसलेरीची धुऊन नेऊ नकोस, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी दे. कॉलिफॉर्म, म्हणजे घाण मिसळल्याची खूण देणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये शून्य यायला पाहिजे.

मंजिरी_धायरी
अपडेट : पाचही पाईप वर नेले. डाऊनटेक धुवायचं पण ठरलं, टाकीत हजार लिटरला ५ टक्केवालं हायपो (क्लोरीनचं द्रावण) एक लिटर, प्रत्येक घरात नळ सोडून वास आला की बंद, रात्रभर तसंच, सकाळी सगळं सोडून दिलं. @पाना_पक्कड दादांनी व्यनि (खाजगी निरोप) करून सांगितलं म्हणून ते पाणी एसटीपीत नाही जाऊ दिलं, नाहीतर तिथले जंतू मेले असते आणि महिनाभर वास. रिपोर्ट आला, कॉलिफॉर्म नाही. मुलगी ठणठणीत, शाळेत सगळ्यांना सांगितलंय की आमच्या नळाला निळं पाणी येतं.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी पाईप फेकून नाही दिली, टोकाला कपड्याची क्लिप लावून टबाच्या कडेच्या वर दांडीला अडकवतात आता. पण मिटिंगमध्ये एकच मुद्दा लावून धरला त्यांनी, की वॉटरप्रूफिंगवाल्याकडून नवीन टबाचे साडेतीनशे वसूल करा. सेक्रेटरी काकांनी मिनिट्समध्ये लिहून घेतलंय.

भुईनळा
जुना टब फुटलेला नव्हताच ना? तो मला द्या, गॅलरीत पुदिना लावायचाय.